सहावं युनिट

बंदराने बारा तास दिलेत.
वर क्रेनचे जबडे कोळसा उपसतायत,
खाली आम्ही इंजिन थांबवून
गप्प बसलोय.
अर्धा तास दारं उघडायची नाहीत.
आत तेलाचं धुकं तापून दबा धरतं,
हवा लागली की भडकेल.
गनी होडेकर, फिटर, उलट्या बादलीवर,
म्हणतो, "घरातल्या भांडणासारखं आहे हे.
आधी निवू दे, मग आत जा."

कॉक उघडे. सुरुवातीच्या हवेची वाट बंद,
तिला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.
टर्निंग गिअरने दातात दात अडकवलेत.
गॅसच्या नळीतून नायट्रोजन फिरवून झाला.
नळीच्या आत नळी, आणि मधल्या पोकळीलाही
नाकं बसवलेली,
कारण या वायूला वास नाही.

घरच्या सिलिंडरला वास मुद्दाम घालतात,
हे मी बाबांना सांगितलं होतं गेल्या शिमग्यात.
पडवीत ट्रॉलरचा पंप खोलून बसले होते.
"जहाज गॅसवर चालतं तुझं? वास येतो काय गो?"
"नाय येत."
"मंग कलतं कसं?"
मी भलतंच सांगत सुटले,
की गॅस आपणहून पेटत नाही,
आधी थेंबभर डिझेल पेटतं
आणि त्याच्या जिवावर चार मजली लोखंड हलतं;
की गॅस बिनसला तर यंत्र
चालता चालता डिझेलवर परततं,
कपातला चहा हिंदकळत नाही.
ते वॉशर पुसत होते.
मी उत्तर दिलं नव्हतं,
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आत उतरते. उंबऱ्याएवढं दार,
गुडघ्याखाली निसरडं, कोमट.
क्रँकच्या दोन पाखांमध्ये डायल गेज बसवते,
जुन्या खुणांच्या दोन खळ्यांत,
आणि ओरडते, "फिरव!"
शाफ्ट फिरतो, गाभण म्हशीसारखा सावकाश.
पाच जागा. पाच आकडे.
गनीभाई बाहेर खडूने दारावर लिहितात.

सहावं युनिट : अकरा शतांश.
मागच्या नोंदीत सहा.

चीफ कुरियन बॅटरी घेऊन वाकतात.
"बेअरिंग?"
कुणी बोलत नाही.
गनीभाई तळाच्या तेलातून बोटं फिरवतात,
तांदूळ निवडावेत तशी,
बोटं उजेडात धरतात.
पांढरा धातू नाही. एक कणही नाही.
फीलरचं पातं जिथवर जायला हवं तिथवरच जातं.

मग मी विचारते,
किती कोळसा उतरला?
तिसरी खण रिकामी, चौथी निम्मी.
पोट हलकं झालं की जहाजाच्या पाठीचा बाक बदलतो,
आणि शाफ्ट त्या पाठीवरच झोपलेला.
बाबांची होडी रेतीवर ओढली
की फळ्या कशा जागा शोधतात, आठवतं.
"चौथी संपू दे, सर. पुन्हा मोजू."
कुरियन घड्याळ बघतात. नंतर माझ्याकडे.

चार वाजता डेकवर येते.
जयगडच्या खाडीला ओहोटी लागलेली,
पलीकडे तवसाळचा कातळ, फेरीबोट,
माडांच्या मागे आमचं छप्पर असणार.
चहावर कोळशाची साय.
हात करत नाही मी. कुणाला दिसणार?

रात्री पुन्हा मोजलं.
आठ.
अकराचे तीन तर जहाजाने परत घेतले,
सहाच्या वरचे दोन मात्र राहिले,
केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे,
कुणाचेच नाहीत असे.
तेल गरम होतं? माझा हात कलला?
की काही सुरू होतंय, ज्याला अजून वास नाही?
कुरियन म्हणाले, मर्यादेत आहे.
आहेच.

आत गेलेली हत्यारं मोजली. सतरा गेली,
सोळा बाहेर.
सतरावं माझ्या खांद्यावर, तेलाचं फडकं.
गनीभाई हसले नाहीत.
दारं लागली. बोल्ट कसले.

फोनला रेंज होती, एक काडी.
"बोट दिसते हितून," बाबा म्हणाले. "काय निघालं?"
"दोन शतांश."
"कशाचे?"
"ठाऊक नाय."
बराच वेळ त्यांच्या बाजूला नुसता वारा.
"मंग लिवून ठेव," ते म्हणाले.